दोन डबे पाणी आणि समुद्रकाठचं घर

मित्रांनो, मी एक जुना स्टोव्ह आहे. पितळेचा, तीन पायांचा आणि खरं सांगायचं तर जरा तापट. भिलाईच्या एका क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या टाकीवर डाव्या अंगाला एक पोचा आहे. बघणारे म्हणतात, अरेरे, चांगल्या वस्तूला पोचा आला. पण तो पोचा साधासुधा नाही. तो समुद्राच्या वाटेवर आलेला पोचा आहे, आणि त्याच धक्क्यात माझ्या हातून, म्हणजे माझ्या पायाकडून, एक चूक घडली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगून मोकळा होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. साच्यात दाबणं, सांध्यांना डाग देऊन जोडणं, घासून चकचकीत करणं, यातच माझा जीव अर्धमेला झाला होता. नीट जाग आली ती नागपूरच्या इतवारीत, एका भांड्यांच्या दुकानात. सत्तावन्न साल होतं. एक उंच, सडसडीत तरुण दुकानात आला. त्याने मला उलटं करून पाहिलं, पंप दाबला, वॉशर चाचपला आणि हाच द्या म्हणून सांगितलं. हे आमचे बळीरामजी. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून निघून ते भिलाईला चालले होते. तिथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि हाताला काम होतं. पत्र्याच्या पेटीत दोन कपडे, एक सतरंजी आणि मी, एवढाच त्यांचा संसार होता.

भिलाईत तेव्हा घरं कमी आणि खड्डे जास्त. मरोद्याच्या बाजूला पत्र्याच्या लांबच लांब शेड होत्या आणि एकेका खोलीत चार-चार माणसं. आमच्या खोलीत अप्पलस्वामी नावाचा एक तेलुगू फिटर होता, समुद्रकाठच्या गावचा. सकाळी माझ्यावर त्याचं चिंचेचं सार उकळायचं आणि संध्याकाळी बळीरामजींच्या भाकरी भाजल्या जायच्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी भांडणं मात्र रीतसर व्हायची, मोडक्यातोडक्या हिंदीत. माझा आवाज सुरू झाला की शेजारच्या खोल्यांतले लोक कप घेऊन दारात हजर. एकोणसाठ साली पहिल्या भट्टीतून लोखंडाचा लाल ओघ वाहिला, त्या दिवशी मी अकरा वेळा चहा केला. बळीरामजी अंगभर काजळी घेऊन आले, माझ्यावर हात शेकले आणि म्हणाले की आज तुझ्या मोठ्या भावानं कमाल केली. ती एवढी मोठी भट्टी, आणि मी तिचा धाकटा भाऊ! तेव्हापासून मी जरा फुगलोच.

त्याच वर्षी बळीरामजींना क्वार्टर मिळालं आणि गावाहून सत्यशीलाबाई आल्या. कडेवर तीन वर्षांची शालू होती. घर पाहायला म्हणून बाई आत शिरल्या आणि मोरीतल्या नळापाशीच थांबल्या. त्यांनी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मी कोपऱ्यातून बघत होतो. मला वाटलं, बाई आता मला हात लावतील, माझं कौतुक करतील. कसलं काय! बाई पाण्याकडेच बघत बसल्या. मी मनातल्या मनात भडकलो. बाई अशा का बसल्या, ते मला पुढे कळलं.

सत्यशीलाबाईंच्या गावची विहीर त्यांच्या वस्तीला बंद होती. वस्तीतल्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरायच्या. उन्हाळ्यात झिरा आटला की गावविहिरीपासून चार हात दूर भांडं ठेवून, डोक्यावरचा पदर सारखा करून, खाली मान घालून उभं राहायचं. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभंच राहायचं. बाई लहानपणापासून अशा उभ्या राहिल्या होत्या. मग छप्पन साली नवरा-बायको नागपूरला गेले, लाखो लोकांबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि परत येताना बाईंनी मनाशी एक गाठ बांधली. आता पाण्यासाठी जगात कोणापुढे उभं राहायचं नाही. एकदा शेजारच्या बेबीताईंना त्यांनी हे सगळं सांगितलं होतं, पोहे परतता परतता, माझ्यासमोर. त्या दिवशी मी अगदी गुमान जळलो.

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो.

एकसष्टच्या हिवाळ्यात बळीरामजींची पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली. सगळे लोक रजा मिळाली की गावी जात. पण अप्पलस्वामीने एक वेगळीच कल्पना काढली. त्याच्या मामांनी, ते रेल्वेतले निवृत्त गार्ड, भीमुनिपट्टणमच्या अलीकडे कोळ्यांच्या एका लहानशा गावात घर बांधलं होतं. स्वतः ते वाल्तेर शहरात राहायचे आणि समुद्राकाठचं घर आठ-आठ दिवसांसाठी भाड्याने द्यायचे. अप्पलस्वामी सांगायचा की तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, माणसांची गर्दी नाही. कोसभर लांब पिवळी वाळू आणि तिच्यावर फक्त खेकड्यांच्या पायांच्या खुणा. शालू तेव्हा पाच वर्षांची होती. तिने विचारलं की समुद्र आपल्या मरोद्याच्या तलावाएवढा असतो का? अप्पलस्वामी इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग मामांचं पत्र आलं, हिंदीत लिहिलेलं. बळीरामजींनी ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. घरात दोन खाटा आहेत, भांडीकुंडी आहेत, चूल नाही. स्वयंपाक आपला आपण करायचा आणि स्टोव्ह आपला आणायचा. मित्रांनो, माझं नाव पत्रात! परमुलखातल्या एका रेल्वे गार्डने मला आवर्जून बोलावलं होतं. माझ्या टाकीत रॉकेल उसळायला लागलं.

बेबीताईंना मात्र हे काही पटेना. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “बाई वो, भाडं देऊन दुसऱ्याच्या घरात राहाचं आन् सैपाक बी आपल्याच हातानं कराचा? मंग सुट्टी कायची?”

क्वार्टरांची सगळी ओळ हसली. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली, तिथे पाणी कुठलं? बळीरामजींनी पत्र पुन्हा पाहिलं. विहीर होती, पण ती मागच्या अंगणात, शेजारणीची आणि आपली मिळून. दोर आणि बादली शेजारणीकडे, तिच्याकडून मागून घ्यायची. बाईंनी हातातली कणीक परातीत ठेवली.

“मंग मी येत नाही जी,” त्या म्हणाल्या. “तुमी शालूले घेऊन जा.”

बळीरामजींनी परोपरीने समजावलं. दिवस बदलले आहेत, तिथे आपल्याला कोण ओळखतं, मीच पाणी मागून आणीन. बाई हलल्या नाहीत. तुम्ही मागितलं काय आणि मी मागितलं काय, मागणं ते मागणंच, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन दिवस असेच गेले. शालू माझ्याजवळ बसून पाटीवर समुद्र काढायची, म्हणजे एक मोठा गोल काढायची आणि पुसायची. मला वाटलं, गेली आपली सहल. तिसऱ्या दिवशी पोळी भाजता भाजता बाई एकदम म्हणाल्या, “पाणी आपलं आपण घेऊन जाऊ. दोन डबे. तवाच मी येईन.”

आता विचार करा, समुद्राला जायचं आणि पाणी घरून न्यायचं! पण बळीरामजी आनंदाने उडालेच. तेलाचे दोन मोठे चौकोनी डबे आणले. बाईंनी ते राखेने आणि चिंचेने असे घासले की मला हेवा वाटला. मोरीतल्या नळाखाली धरून डबे गच्च भरले आणि कल्हईवाल्याकडून वरून झाकणं डागून घेतली. तांदूळ, तुरीची डाळ, तिखटाची बरणी, जवसाची चटणी, वाळवलेले बोंबील, असं सगळं गाठोड्यात गेलं. रेल्वेत रॉकेल नेता येत नाही, म्हणून माझी टाकी रिकामी करून मला गोणपाटात गुंडाळलं. बर्नरला फडकं, हवा सोडायच्या किल्लीला सुतळी, आणि बर्नरचं भोक साफ करायच्या दोन पिना कागदाच्या पुडीत. निघताना बेबीताई फाटकापर्यंत आल्या आणि डब्यांकडे बघून नुसती मान हलवली.

दुर्गहून रायपूर, रायपूरहून विजयनगरमची पॅसेंजर. मी बाकाखाली होतो आणि ते दोन डबे माझ्या शेजारी. हमालाने डबा उचलताना विचारलं की यात तूप आहे का? बळीरामजींनी पाणी म्हटल्यावर तो डबा खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिला. रात्रभर गाडी डोंगरांतून गेली, बोगदा आला की शालू ओरडायची आणि गाडीतले अनोळखी लोकही तिच्याबरोबर ओरडायचे. मला दिसत काही नव्हतं, पण हवा बदललेली पितळेला कळते. दुसऱ्या दिवशी ती ओलसर, खारट हवा गोणपाटातून आत शिरली आणि मी शहारलो.

विजयनगरमला उतरून बस केली आणि शेवटचा टप्पा बैलगाडीचा. इथेच ती गोष्ट घडली. वाळूच्या रस्त्यावर गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली, आणि एक डबा सरळ माझ्या अंगावर आदळला. टाकीला पोचा आला तो तिथे. दुखलं तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे माझ्या एका पायाचं टोक डब्याच्या खालच्या सांध्यात घुसलं. डाग उचकटला. सुईच्या नेढ्याएवढं भोक पडलं असेल. ते कोणाला दिसलं नाही. कारण तेवढ्यात शालू गाडीत उभी राहून बोट दाखवत होती. समोर समुद्र होता.

मलाही गाडीतून उतरवताना गोणपाटाच्या फटीतून तो दिसला. मित्रांनो, मी कारखान्याच्या भट्टीचा भाऊ म्हणवणारा, मी त्या दिवशी मनातून लहान झालो. एवढं मोठं काही असतं आणि ते कोणाचंच नसतं, हे मला माहीत नव्हतं. बळीरामजींनी चपला हातात घेतल्या आणि पोरासारखे धावत सुटले. सत्यशीलाबाई सामानापाशी उभ्या होत्या. लाट येऊन त्यांच्या पायाला लागली आणि मागे गेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी रागावत नव्हतं. मग त्या दोन पावलं पुढे गेल्या.

घर लहान होतं पण देखणं. ताडाच्या पानांचं छप्पर, चुन्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे अंगण आणि अंगणात विहीर. विहिरीच्या पलीकडे दुसरं घर, तिथे नूकालम्मा राहायची. साठीची, काळीसावळी, खणखणीत कोळीण. घराची किल्ली तिच्याकडेच होती. तिने किल्ली दिली, आमचे डबे पाहिले, काहीतरी विचारलं. कोणाला काही कळलं नाही. दोन्ही बाजूंनी हसून काम भागवलं. तिने बाटलीभर रॉकेल दिलं आणि त्या संध्याकाळी मी पेटलो. समुद्राची गाज एकीकडे आणि माझा फुरफुराट एकीकडे. माझ्यावर खिचडी शिजली, पडवीत बसून तिघांनी खाल्ली, आणि बळीरामजी म्हणाले की बेबीताईला काय कळते, हीच खरी सुट्टी.

बाईंनी पाण्याचा हिशेब कडक ठेवला होता. पिणं आणि स्वयंपाक डब्यातल्या पाण्याने. अंघोळ समुद्रात आणि वरून अंगावर तांब्याभर भिलाईचं. भांडी वाळूने घासायची, लाटेत धुवायची. एक डबा संपल्यावरच दुसरा उघडायचा. दुसऱ्या दिवशी बाईंना आणखी एक युक्ती सुचली. वरणात मीठ तर घालायचंच असतं, मग अर्धं पाणी समुद्राचं घातलं तर? पातेलं माझ्यावर चढलं. मी जीव तोडून जळलो. एक तास झाला, दीड तास झाला, डाळ आपली दगडासारखी. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही हे मला काय ठाऊक! बाईंनी पिन मारली, पंप मारला, पुन्हा पिन मारली आणि शेवटी म्हणाल्या, मेला हा स्टोव्हच बिघडला. माझ्या आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता. वर शालूने एक घास तोंडात घेतला आणि तसाच पडवीत थुंकला. माझं रॉकेल संपलं आणि बाईंची युक्तीही संपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बळीरामजी रॉकेल आणायला भीमुनिपट्टणमच्या बाजारात गेले. पहिला डबा आदल्या रात्रीच खडखडीत झाला होता. बाईंनी दुसरा डबा उचलला आणि तो हलका लागला. फारच हलका. त्याच्या खालची वाळू ओली होती. तीन दिवस थेंब थेंब करत माझ्या पायाच्या भोकातून भिलाईचं सगळं पाणी वाळूत गेलं होतं. बाई डबा पोटाशी धरून बसल्या. मी भिंतीपाशी होतो. तोंड असतं तर सांगितलं असतं की बाई, माझ्यामुळे झालं.

शालू किनाऱ्यावरून पळत आली, लाल झालेली, घामाघूम. तिने पाणी मागितलं. बाईंनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग घरातलं पाणी भरायचं एक पितळी गुंड घेतलं आणि मागच्या दारातून अंगणात गेल्या. विहिरीपासून चार हात दूर गुंड खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या.

नूकालम्मा तिच्या पडवीत मासे वाळत घालत होती. तिने वर पाहिलं, हाक मारली, खांबाला टांगलेल्या दोराकडे हात केला. बाईंनी वर पाहिलंच नाही. पोर मात्र मागोमाग आली होती. तिने आईचं लुगडं ओढलं.

“आई, तू इतल्या दूर काऊन उभी हायेस?”

त्या पोरीला कसं माहीत असणार? ती नळावर वाढलेली. शेवटी नूकालम्माच उठली, बादली सोडली, पाणी काढलं आणि गुंडात ओतलं. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती आणि ते गोड नव्हतं. बाई आत आल्या. शालूला पाणी पाजलं, पण स्वतः प्यायल्या नाहीत. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच झालं. तेच अंतर, तीच खाली मान, आणि नूकालम्माचा आवाज दर खेपेला थोडा चढलेला. बळीरामजी म्हणाले की मी जातो पाण्याला. बाई म्हणाल्या, नको, निश्चय माझा होता आणि मोडलाही माझ्याच हातून. समुद्राकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलंच नाही. घर देखणं होतं, वाळू पिवळी होती, पण आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अप्पलस्वामी, तोही रजेवर आलेला, आपल्या गावाहून भेटायला आला. तो दारात पोचतो न पोचतो तोच नूकालम्मा कमरेला पदर खोचून आली आणि त्याच्यावर सुरू झाली. हात विहिरीकडे, हात आमच्याकडे, मग कपाळावर. अप्पलस्वामी ऐकता ऐकता कावराबावरा झाला. बळीरामजींचा चेहरा उतरला. सत्यशीलाबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, चहाचं आधण ठेवलेलं. त्यांनी किल्ली ढिली केली आणि मी विझलो. त्यांना जे ऐकायचं होतं ते शांतपणे ऐकायचं असावं.

“काय म्हनते ते?” त्यांनी विचारलं. “सांगा भाऊ. मले आदत हाय.”

अप्पलस्वामी चाचरत हिंदीत सांगू लागला. ती म्हणते, ही कारखान्यातल्या मोठ्या साहेबाची बाई दिसते. विहिरीवर येते आणि राणीसारखी लांब उभी राहते. मी दोर दाखवते तर बघत नाही. म्हातारीने पाणी काढायचं आणि हिच्या भांड्यात ओतायचं, हा कसला तोरा? हिला हात नाहीत का?

आधी बळीरामजींना हसू फुटलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि ते हसू तोंडातच राहिलं. बाई डोळे फाडून नूकालम्माकडे बघत होत्या. आयुष्यभर ज्या उभं राहण्याने मान खाली गेली, त्याला ही म्हातारी तोरा म्हणत होती! तिच्या गावात विहिरीपासून लांब उभं राहणारं कोणी तिने पाहिलंच नव्हतं.

बाई उठल्या. मागच्या अंगणात गेल्या. सगळे मागून गेले, आणि मला दारातून सगळं दिसत होतं. उजेड अजून होता. बाई विहिरीच्या अगदी काठाला जाऊन उभ्या राहिल्या आणि नूकालम्मापुढे दोन्ही तळहात पसरून दाखवले. हे बघ, आहेत हात. म्हातारीने त्या हातांकडे पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काय कळलं तिला कोणास ठाऊक, तिने खांबावरचा दोर काढून बाईंच्या हातात दिला.

बाईंनी बादली सोडली. ती पाण्यावर गेली आणि तरंगत राहिली. बाईंनी दोर हलवला, बादली डुलली पण बुडेना. मित्रांनो, त्यांना विहिरीतून पाणी काढताच येत नव्हतं. कसं येणार? झिऱ्याला दोर लागत नाही, नळाला बादली सोडावी लागत नाही, आणि गावविहिरीचा दोर त्यांच्या हाती कधी कोणी दिला होता? नूकालम्मा खो-खो हसली. मग मागून येऊन तिने बाईंच्या हातांवर आपले हात ठेवले आणि मनगटाने एक झटका दिला. बादली आडवी झाली, गुडूप बुडाली, दोर ताठ झाला. दोघींनी मिळून ओढली. पहिल्या बादलीतलं अर्धं पाणी अंगावर सांडलं. बाईंनी ओंजळ भरून घोट घेतला.

“गोड हाय जी!” त्या ओरडल्या. “समुद्राच्या काठाले, आन् गोड!”

त्यानंतर त्या थांबेचनात. गुंड भरलं, परात भरली, पातेली भरली, वाट्या भरल्या, शालूचं भातुकलीचं तपेलंसुद्धा भरलं. बळीरामजी म्हणाले, आता बस. बाई म्हणाल्या, थांबा, झटका आत्ता कुठे जमला. घरात पाणी ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी नूकालम्माचे रांजण भरायला घेतले. म्हातारी पायरीवर बसून बघत होती, आता खरंच राणीसारखी. मग मला पेटवलं. पहिल्याच काडीत मी असा फुरफुरलो की अप्पलस्वामी म्हणाला, याला काय झालं? नूकालम्माने आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून दोन कप चहा प्यायला आणि ताजी मासळी आणून दिली. बोंबील गाठोड्यातच राहिले.

उरलेले चार दिवस कसे गेले ते विचारू नका. पहाटे बाई विहिरीवर, मग समुद्रावर, मग माझ्यापाशी. वरण एका वाफेत शिजायचं. त्यांनी मला कापडाने पुसलं, पोच्यावरून हात फिरवला आणि उगीच बोलले रे तुला, असं म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, आणखी बोलला असतात तरी चाललं असतं, कारण भोक माझंच आहे. पण खरं सांगू? त्या भोकाबद्दल मला वाईट वाटायचं ते आता वाटेनासं झालं होतं.

परतताना बळीरामजींनी डबा बाजारातून डागून आणला. बाईंनी तो त्या विहिरीच्या पाण्याने भरला, आपल्या हाताने. भिलाईला आल्यावर ओळीतल्या घराघरांत वाटीवाटी पाणी वाटलं. बेबीताईंनी घोट घेऊन कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या की घरून पाणी नेलं आणि भाडं देऊन पाणीच आणलं. पण चव मान्य केली. पुढच्या हिवाळ्यात त्याच घराचं भाडं बेबीताईंनी भरलं, आणि जाताना त्या मला मागायला आल्या. सत्यशीलाबाईंनी दिलं नाही.

पुढे दिवस पालटले. पासष्टच्या सुमारास घरात तारेचा हीटर आला. ना रॉकेल, ना पिन, ना आवाज. मी फळीवर गेलो. वॉशर वाळला, बर्नरमध्ये कोळ्याने जाळं केलं. सुरुवातीला मी खूप चिडचिड केली, मग चिडायलाही कोणी ऐकणारं लागतं हे कळलं आणि गप्प झालो. असे दोन उन्हाळे गेले.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात आमच्या ओळीमागे नव्या क्वार्टरांचं बांधकाम चाललं होतं. विटा वाहणाऱ्या छत्तीसगढी बाया दिवसभर उन्हात. एका दुपारी त्यांच्यातली दुर्गा नावाची एक बाई मागच्या अंगणात आली. अंगणातल्या नळापासून चार हात दूर तिने हातातला गंज, म्हणजे पाण्याचं भांडं, खाली ठेवला, पदर सारखा केला आणि खाली मान घालून उभी राहिली. अकरा-बारा वर्षांची शालू तांब्या घेऊन पाणी ओतायला निघाली. सत्यशीलाबाईंनी तिचा हात धरला.

त्या स्वतः बाहेर गेल्या. दुर्गाचा गंज उचलून त्यांनी नळाखाली ठेवला आणि बाजूला झाल्या.

“हात हायेत ना तुले?” त्या म्हणाल्या. “मंग खोल नळ. आपल्या हातानं भर.”

दुर्गाला मराठी येत नव्हती. तिने एकदा बाईंकडे पाहिलं आणि नळ खोलला. मग तिने बाकीच्यांना हाक मारली. सगळ्या आल्या, तोंडं धुतली, पाणी प्यायल्या. बाईंना त्यांना चहा द्यायचा होता, पण वीज गेलेली आणि हीटर थंड. बाईंनी वर पाहिलं. मित्रांनो, त्या क्षणी मी फळीवरून उडीच मारणार होतो. त्यांनी मला उतरवलं, जाळं पुसलं, वॉशरला तेलाचं बोट लावलं, पिन मारली, टाकीत रॉकेल ओतलं. दोन वर्षांनी मी पेटलो. पहिल्यांदा खोकलो, मग असा गरजलो की दुर्गा दचकून मागे सरली आणि शालू हसत सुटली. नऊ कप चहा झाला.

तेव्हापासून वीज गेली की मी खाली येतो. माझं मागणं फार नाही. तुमच्याही घरी फळीवर माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याचा वॉशर वाळू देऊ नका, महिन्यातून एकदा पिन फिरवा, आणि पोचा दिसला तर हसण्याआधी तो कुठल्या वाटेवर आला ते विचारा. आणखी एक. तुमच्या नळापासून चार हात दूर कोणी भांडं ठेवून उभं असलेलं दिसलं, तर घाईने भांडं भरून देऊ नका. नळ त्यांच्या हाती द्या.